लिहून घ्या

२१ सप्टेंबर १९९८
आजही तेच! मी वर्गात शिरले की पन्नास माना वहीवर. ‘मॅडम, सांगा ना.’ अर्थशास्त्र म्हणजे मी सांगणार आणि ते उतरवणार. आटगावहून रोज शहापूरला येते ती काय टेपरेकॉर्डर व्हायला?

२४ सप्टेंबर
वह्या बंद करायला लावल्या. विचारलं — कापणीची मजुरी कोण ठरवतं? शेणवे गावची चंद्रकला उठली. ‘आमच्यात मजुरी नाय मॅडम. आज आमी त्यांच्यात, उद्या ते आमच्यात.’ मागून धाऊ ओरडला, ‘आन् ज्याला शेतच नाय त्याचा काय गो?’ झालं, जुंपली! तास संपला तरी भांडत होते. चार वर्षांत पहिल्यांदा मी नुसती ऐकत बसले. काय छान वाटलं!

७ ऑक्टोबर
कापणी सुरू. वर्गात अकराच जण. असू देत, आहेत त्यांच्याशी बोलेन.

१२ ऑक्टोबर
प्राचार्यांनी बोलावलं. मुलांचा अर्ज — माझ्याविरुद्ध! कागद हातात दिला नाही, टेबलावर ठेवून स्वतःच वाचून दाखवला. कापणीत दर गावातून एकच जण कॉलेजला येतो, त्याच्या वहीवरून बाकीचे उतरवतात. मॅडम नोट्स सांगत नाहीत, वही कोरीच घरी जाते, परीक्षेत काय लिहायचं?

अक्षर समोरून ओळखलं. चंद्रकलाचं.

हे मला सुचलंच नव्हतं. चूक माझीच. पण पोरीने तोंडावर सांगायचं ना!

प्राचार्य म्हणाले, ‘दिवाळीनंतर नेमणूक हवी असेल तर नोट्स सांगा.’ मी तात्पुरती. ‘हो सर’ म्हणून आले.

१६ नोव्हेंबर
लिहून घ्या. स्वल्पविराम. पुढे लिहून घ्या.

८ जानेवारी १९९९
धाऊने हात वर केला. ‘मॅडम, एक इचारू?’ म्हटलं, पोर्शन संपवायचाय. चंद्रकलाकडे तर मी बघतही नाही. हव्या होत्या ना नोट्स? घ्या! वर्गात जीव गुदमरतो माझा. बाहेर पडले तर जाऊ कुठे?

६ मार्च
शेवटचा तास झाला. चंद्रकला दारात थांबली होती. ‘मॅडम, अर्जाच्या मागच्या बाजूला लिवलेला तुमाला पटला नाय का?’

मागच्या बाजूला?

तिने वहीतला कच्चा मसुदा काढून दाखवला. ‘तरी चर्चा बंद करू नये. जो वर्गात येईल तो प्रश्न लिहून नेईल आणि शेतावर बाकीच्यांना विचारील. शेणव्यात चार दिवस करून पाहिलं, जमतं.’

आणि मी चार महिने त्यांना शिक्षा म्हणून नोट्स सांगितल्या.