जो हलला नाही, तोच फोटोत आला

बारामती,
मंगळवार, २० जानेवारी

तीर्थरूप दाजींना रविंद्रचा सविनय जय भीम.

तुमची तब्येत, खोकला, म्हैस आणि उजव्या पायाचा तळवा या सगळ्यांची चौकशी एकदमच करतो, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं वाक्य वाचेल. इकडे अनिता बरी आहे. मी निवृत्त झाल्यापासून ती मला दिवसातून चार वेळा जरा बाहेर फिरून यायला सांगते, त्यावरून तिची तब्येत उत्तम असावी. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन आक्का उचलते आणि उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकते, त्यामुळे तुमच्यासाठी सांगितलेलं आधी गोठ्याला कळतं आणि मग तुम्हाला. ही गोष्ट तर आक्काच्या कानावर जाऊन मुळीच चालणार नाही. म्हणून बंद पाकीट. वाचून झालं की चुलीत घाला. (चूल बंद असेल तर बंबात.)

मुलाने मला त्याचा जुना डिजिटल कॅमेरा दिला, हे तुम्हाला माहीत आहेच. बारामतीत दिवसा फोटो काढण्यासारखं जे काही आहे ते मी आठ दिवसांत संपवलं (त्यात आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे सतरा फोटो आहेत). मग कळलं की गावात रात्रीच्या फोटोग्राफीचा वर्ग निघाला आहे. गेलो. वर्ग घेणारी बाई दारातच माझ्या पाया पडली. ती रश्मी. कऱ्हाटीच्या शाळेत सातवीला माझ्याच वर्गात होती, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर मी 'लक्ष नाही, खिडकीबाहेर पाहते' असा शेरा लिहिला होता. तो तिला अजून पाठ आहे. पाया पडून झाल्यावर तिने मला शेवटच्या बाकावर बसवलं. पहिला गृहपाठ होता रस्त्यावरच्या दिव्याचा. माझा फोटो पाहून तिने वहीत लाल शाईने लिहिलं, 'सर, लक्ष नाही. दिव्याकडे पाहता, अंधाराकडे पाहत नाही.' छत्तीस वर्षं मी शेरे दिले. मिळालेला हा पहिला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तिचा मुख्य नियम मात्र तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचा त्याच्याशी संबंध येतो. रात्री उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा अर्धं अर्धं मिनिट उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात अंधारात जो हलतो तो पुसला जातो, जो हलत नाही तो उमटतो, आणि दिवा हलला तर त्याची रेघ उमटते. मी हे वहीत लिहून खाली दोनदा अधोरेखित केलं. कळलं मात्र फार उशिरा.

दुसरा गृहपाठ होता पळत्या दिव्यांच्या रेघांचा. सध्या उसाचा हंगाम आहे, माळेगावच्या रस्त्याला रात्रभर ट्रॅक्टर असतात, तेव्हा तिथे कडेला स्टँड लावून उभा राहिलो. अनिताने सुरक्षेसाठी मला चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालायला लावलं होतं. पहिला ट्रॅक्टर मला पाहून थांबला. ड्रायव्हरने आधी गाणं बंद केलं, मग खाली उतरून कागदपत्रं पुढे केली, आणि ऊस जरा जास्त भरलाय हे कबूल केलं, जे मी विचारलंच नव्हतं. त्याच्यामागे दुसरा थांबला, त्याच्यामागे तिसरा. मी प्रत्येकाला हात जोडून सांगत होतो की बाबा, तू पळ, मला तू पळायलाच हवा आहेस. साहेब पळ म्हणतायत म्हणजे नंबर लिहून घेतलाय, असं त्यांच्यात ठरलं आणि मग कुणीच जागचं हलेना. पाऊण तासात नऊ ट्रॅक्टर आणि दोन बैलगाड्या जमल्या. फोटोत रेघ एकही नाही. अठरा दिवे जागच्या जागी आणि एक बैल, तोही स्पष्ट. रश्मीने त्याला 'वाहनतळ' असं नाव दिलं आणि दहापैकी दोन गुण दिले. (दोन बैलाचे.)

तिसरा गृहपाठ ताऱ्यांच्या रेघांचा. त्याला पुरता अंधार लागतो, आणि माझ्या ओळखीत पुरता अंधार फक्त तुमच्याकडे आहे. म्हणून मागच्या गुरुवारी निरवांगीला आलो. शेतीला रात्रीची लाईट होती, तुम्ही पाणी द्यायला निघालाच होता. विहिरीजवळ मोटारीच्या खोलीपाशी मला सोडताना तुम्ही म्हणालात, "रविंद्र, तू हितं निवांत बस. मी दारं धराय जातो. आता उजाडल्यावरच गाठ पडंल." हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण सकाळी आक्का तुमच्या पायाला तेल चोळत असताना तुम्ही त्याचा पुढचा भाग सांगत होता: गुडघाभर पाणी, अंगात भरलेलं हीव, फुटलेला बांध, आणि पायावरून गेलेला साप. (जानेवारीच्या गारठ्यात साप. मी मास्तर असूनही गप्प बसलो.) मधल्या वेळात मी काय केलं तेही सांगतो. कॅमेरा बांधावर लावला, एकामागून एक फोटो आपोआप निघत राहतील अशी सोय केली, आणि थंडी फार म्हणून गाडीत जाऊन बसलो. बसलो म्हणजे झोपलो. हे रश्मीला सांगितलेलं नाही.

रविवारी तिने ते सगळे, दोनशे अडतीस, फोटो संगणकावर एकावर एक ठेवले. दाजी, चित्र सुंदर आलं आहे, यात माझा काही मोठेपणा नाही. वर ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं, जात्याभोवती पीठ पडावं तशी. खाली काळा ऊस. आणि बरोबर मधोमध, मोटारीच्या पेटीवरच्या तीन दिव्यांच्या उजेडात, एक बाज. बाजेवर तुम्ही. दोन तासांत वारा हलला, ऊस हलला, पृथ्वी हलली. तुम्ही हलला नाहीत. मी दिलेला लाल मफलर स्पष्ट आहे. तोंड उघडं, तेही स्पष्ट. बाजेखाली चपला जोडीने ठेवलेल्या. रश्मी म्हणाली की इतका स्थिर माणूस तिला आजवर मिळाला नव्हता, हे कोण? मी म्हणालो, आमचे मेहुणे, रात्रभर शेताला पाणी देतात.

पण वर्ग तुमच्याकडे फार वेळ पाहत बसला नाही (वाईट वाटून घेऊ नका). उसाच्या कडेने एक उजेडाची रेघ आली आहे. पाटापासून निघते, थोडी पुढे जाते, थांबते, पुन्हा पुढे. थांबते तिथे उजेडाची गाठ पडलेली. मी मोजल्या, एकोणतीस. रश्मी म्हणाली की फोटोचा जीव या रेघेत आहे, सर, बॅटरी हातात घेऊन तुम्ही स्वतः चाललात का? मी हो म्हणालो. खोटं बोलणाऱ्या पोराचे कान लाल होतात हे मी छत्तीस वर्षं पाहिलं. माझे मला दिसत नव्हते, एवढंच. लगेच दोन गोष्टी घडल्या. फोटो येत्या रविवारच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला, आणि ही रेघ कशी काढायची ते मी शनिवारी वर्गाला शिकवायचं ठरलं. रेघ कुणाची, हे मला अजून ठाऊक नाही. तुम्ही बाजेवर, मी गाडीत. केबल चोर म्हणावा तर केबल जागेवर आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. (काल रात्री उठून दाराची कडी पाहिली ती वाऱ्यासाठी.)

आता मुद्दा. प्रदर्शनाला आक्का येणार आहे. फोटो दारासमोरच्या भिंतीवर लागणार, तीन फूट रुंद. लावला तर तुमची तीन वर्षांची रात्रपाळी एका सकाळी बुडते, आणि पायाच्या तेलाचं पुढे काय होईल ते तुम्हीच जाणता. काढून घ्यावा तर साठाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणी शाबास म्हटलं आहे आणि ते सोडवत नाही, हे सरळच कबूल करतो. तुम्हाला कापून टाकू का, असं रश्मीला विचारून पाहिलं. ती म्हणाली, बाज गेली तर हा नुसता आभाळाचा फोटो, तो कुणीही काढेल. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ही मूठ तीन फूट रुंद आहे. तुम्ही नको म्हणालात तर फोटो काढून घेईन. तुमच्या घरात माझ्यामुळे भांडण नको. शनिवारच्या आत हो किंवा नाही, एवढंच कळवा.

आक्काला यातलं काही न सांगता माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
रविंद्र

ता. क. पाकीट चिकटवलं आणि आक्का दारात. हुरडा घेऊन आली होती. प्रदर्शनासाठी छापून आणलेला फोटो टीव्हीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, पण मी तीन फूट रुंद नाही. तिने मला बाजूला केलं, आधी तुमच्याकडे पाहिलं आणि मफलर धुवायला झालाय म्हणाली. बाकी काही नाही. मग रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी हाय." एकोणतीस गाठी म्हणजे एकोणतीस सऱ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी थांबून तिने खोऱ्याने दारं मोडलं, पाणी आत वळवलं. तीन वर्षं झाली म्हणे. तुम्हाला झोप लागली की ती वस्तीवरून येते, पाणी फिरवते, उजाडायच्या आत घरी जाऊन चूल पेटवते. तुला कधी राग आला नाही का, असं मी विचारलं. म्हणाली, "पहिल्यांदा आला. पर सकाळी येऊन रातभर पाण्यात कसं हुबं हुतो ते सांगत्यात. लई झ्याक सांगत्यात. ऐकून मलाच वाटतं, मी घरात झोपले हुते." दाजी, वर्गातल्या अकरा जणांना रेघ दिसली, मलाही दिसली, पण बाई कुणालाच दिसली नाही. ती हलत होती ना. मला माझी लाज वाटली. थोडी तुमचीही.

ता. क. २. रश्मीला फोन करून सगळं कबूल केलं. तिला संशय होताच. म्हणाली, त्या रेघेला कुठे जायचं ते माहीत आहे, सर. तुम्हाला अजून नाही. फोटोखालच्या चिठ्ठीवर आता माझ्या नावाखाली आक्काचं नाव, 'उजेडाची रेघ: ताईबाई' असं येईल. फोटो लागणार आहे. तुमची परवानगी आता लागत नाही, कारण आक्काने दिली. तिची एकच अट आहे, ती तिच्याच शब्दांत देतो: "त्या बाजंवर मला बी एकदा झोपायचंय. आभाळ कसं दिसतंय बघू दे की."

ता. क. ३. बुधवार सकाळ. पाकिटात काय आहे असं विचारून आक्काने हे सगळं पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं (सापाशी फार हसली), तेव्हा ते आता तीच घेऊन येत आहे. चुलीत घालायची गरज नाही. सोबत तुमच्यासाठी नवी बॅटरी दिली आहे. उद्या गुरुवार, रात्रीची लाईट. बाजेवर आक्का असेल. शनिवारचा वर्ग उद्याच तुमच्या बांधावर भरणार असून अकराजण अकरा कॅमेरे घेऊन येत आहेत. एकोणतीस सऱ्या आहेत, रेघ नीट काढा. फोटोत तुम्ही येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मात्र मध्ये कुठे बसू नका. बसलात की स्पष्ट दिसाल.