तुम्हीच ओढा, सिस्टर

मॅडम, चालू यंत्राची केबल कुणी ओढली की मला अजूनही भीती वाटते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस तुमच्यापेक्षा जास्त पांढरे झाले, तरी हे काही गेलं नाही. तुम्ही पॉलिटेक्निकमधली नोकरी सोडून वारज्यात दोन खोल्यांत स्टेपर मोटारला वीज पुरवणारे ड्रायव्हर बोर्ड बनवायला सुरुवात केलीत आणि तुमच्या विद्यार्थिनींपैकी मला बोलावून घेतलंत. नोकरी लागली म्हणून आईने विश्रांतवाडीच्या विहारात खीर वाटली होती. माझ्या बरोबरीच्या मुली तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास लावून परदेशी जायच्या गोष्टी करत होत्या. मला मात्र मोटार आवडायची. एक एक पाऊल मोजून टाकणारी, सांगितलं तेवढीच फिरणारी. आणि आपली मोटार तर बाळांना औषध देणार होती.

भोसरीचे एक साहेब बाळांना औषध देणारा पंप बनवायचे. औषधाची सिरिंज हळूहळू ढकलणारा भाग बाळाच्या खाटेला अडकवलेला, त्याचा कंट्रोलर खाली स्टँडवर, मध्ये केबल. कंट्रोलरमधला ड्रायव्हर आपला. पंप हॉस्पिटलात गेले आणि काही आठवड्यांतच बोर्ड परत यायला लागले, सगळ्यांची चिप मेलेली. मी ती बदलायची, बोर्ड टेबलावर दिवसभर चालवायची, काही होत नसे. परत पाठवला की दुसरा कुठलातरी यायचा. मला वाटायचं माझंच सोल्डरिंग कच्चं. भिंग लावून मी एक एक टाका तपासत बसायची, घरी ताटावर बसले तरी डोळ्यासमोर टाकेच. आई म्हणायची, "अगं, घास तरी गिळ." एकदा तर भोसरीहून फोन आला की पंप औषध चालू असतानाच बंद पडला. बाळाचं काय झालं ते फोनवर कुणी सांगितलं नाही. तुम्ही रिसीव्हर ठेवलात, पर्स उचललीत आणि म्हणालात, "चल, जाऊन बघू."

तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी कर्वे रोडने चालले आहे आणि मनात एकच, बाळ आहे की नाही. वॉर्डात सिस्टर भेटल्या, चाळिशीच्या, बारीक, सतत घड्याळाकडे बघणाऱ्या. तुम्ही आधी बाळाचं विचारलंत. "बरंय," त्या म्हणाल्या. "दुसरा पंप येईपर्यंत मी हातानेच सिरिंज ढकलत बसले होते. मान वर केली नाही." मला तिथल्या तिथे रडू फुटलं. तुम्ही माझ्याकडे न बघता स्टूल माझ्या बाजूला सरकवलंत.

मग तुम्ही विचारलंत, बंद पडायच्या आधी काय झालं होतं. सिस्टर आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळाला वॉर्मरवर न्यायचं होतं. केबल मध्ये येते. पंप बंद केला तर लावलेला वेग पुसला जातो, सगळं परत भरावं लागतं. म्हणून आम्ही चालूच ठेवून केबल काढतो, हलवलं की परत लावतो. रोजच करतो. मॅडम, हे माझ्यावर येणार का?"

तुम्ही म्हणालात, "नाही. काढता येईल अशी केबल दिली कुणी? मी."

मला तेव्हा कुठे उलगडा झाला. वर्गात तुम्ही शिकवलं होतं, मोटारच्या वेटोळ्यातून वीज वाहत असताना वाट मध्येच तोडली तर ती निमूट थांबत नाही. तोडल्या जागी व्होल्टेज उसळतं आणि समोर येईल त्याला मारतं. कधी ड्रायव्हर वाचतो, कधी जातो, त्या क्षणी किती वीज वाहत होती त्यावर. आपल्या टेबलावर काही होत नव्हतं, कारण चालू मोटार काढायची नाही हे आपल्याला पाठ होतं. सिस्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगून तरी काय, हातात बाळ असताना.

दुसऱ्या दिवशी आपण भोसरीला गेलो. साहेबांना सोपं वाटलं. "अहो मॅडम, वापरणाऱ्याची चूक आहे. तसं लिहून द्या, मी हॉस्पिटलला दाखवतो. आणि पंपावर एक स्टिकर लावू, चालू असताना केबल काढू नये."

"पुण्यात पाट्या वाचतात," तुम्ही म्हणालात, "पाळत नाहीत."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, आता बाहेरचा माल सहज येतो, तयार बोर्ड मिळतात, तुमच्यावाचून अडत नाही. मी टेबलाखाली ओढणीचं टोक पिळत होते. हे काम गेलं असतं तर आपल्याकडे दुसरं नव्हतं, हे मला माहीत होतं, तुम्हालाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मागवा. आल्यावर चालू असताना केबल ओढून बघा. आणि सिस्टरच्या विरुद्ध मी काही लिहून देणार नाही." निघताना त्यांनी बोर्ड सुधारायला जेमतेम महिन्याची मुदत दिली.

तो महिना मला नीट सलग आठवत नाही. आठवते ती केबल ओढल्यावर चिप जाताना होणारी बारीकशी टिक. आधी आपण मोटारच्या तारांवर डायोड लावले, उसळी सप्लायकडे वळावी म्हणून. मग सप्लायचंच व्होल्टेज वर चढायला लागलं, तिथे उसळी शोषून घेणारा भाग लावला. टिक कमी झाली, थांबली नाही. शेवटी तुम्ही कनेक्टरच बदललात. त्यातली एक पिन बाकीच्यांपेक्षा आखूड. ओढताना ती सगळ्यांत आधी सुटते, ड्रायव्हरला कळतं की मोटार निघाली, तो स्वतःच वीज उतरवतो, आणि बाकीच्या पिना सुटेपर्यंत वेटोळं रिकामं झालेलं असतं. केबल परत लावल्यावर पंप आपोआप सुरू व्हावा का, हे विचारायला तुम्ही मुद्दाम वॉर्डात गेलात. सिस्टर म्हणाल्या, "नको बाई. ओरडू दे हवं तर, पण मला विचारून सुरू होऊ दे. वेग तेवढा लक्षात ठेव म्हणावं त्याला."

चाचणी हॉस्पिटलातच, एका रिकाम्या खोलीत. सिरिंजमध्ये साधं पाणी. साहेब हाताची घडी घालून उभे. मी केबलला हात घालणार तोच तुम्ही मला थांबवलंत. "तुम्हीच ओढा, सिस्टर. आम्ही ओढलं तर आम्ही हळू ओढू."

सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी ओढली. मोटार थांबली, पंप ओरडला. त्यांनी केबल लावली, बटण दाबलं. मी कान देऊन टिक ऐकायची वाट बघतेय. टिक नाही. मोटार फिरायला लागली, वेग तोच. "परत," तुम्ही म्हणालात. पुढे त्यांना रागच आला असावा, कारण त्या हिसडे मारूनच ओढायला लागल्या, तिरकी, एका हाताने, माझ्याकडे बघत. मोटार दर वेळी फिरली. साहेब एवढंच म्हणाले, "पाठवा मग." सिस्टर ताबडतोब वॉर्डात परत गेल्या.

खाली पार्किंगमध्ये तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. "तू चालव. माझ्या हातात आज जोर नाही." मागे कुणाला बसवून मी कधी चालवली नव्हती. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि तो वारज्यापर्यंत थरथरत होता. तुम्हालाही भीती वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते पंप पुष्कळ वर्षं चालले. तुम्ही मात्र एका सकाळी अचानक गेलात, दोन खोल्या बंद झाल्या, मी हिंजवडीला नोकरी धरली. आज माझ्या हाताखाली मुलं आहेत, पोरी आहेत, त्यांना मी न घाबरणारी बाई वाटते. आज आमचा नवा पंप पहिल्यांदा हॉस्पिटलात जायचाय, आणि चालू असताना केबल काढायची शेवटची चाचणी माझ्यासमोरच करायची म्हणून सगळे बाहेर थांबलेत. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते. मी जेवतेय असं त्यांना सांगितलंय. मॅडम, मी डबा उघडलेलाही नाही.