दोनदा उमटलेली गोगलगाय

प्रिय ओदील,

हे पत्र मुद्दाम सोम्यूरला, तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी नेऊ नकोस; तू आलीस की कोट काढून घ्यायला तुझा गातियां सोनेरी चष्मा सावरत दारातच उभा असतो, मी पाहिलंय. इकडे आँजेमध्ये सगळं जसंच्या तसं. लझार म्हातारा बाजारात विकत घेतलेली जुनी चांदी घेऊन अजूनही येतो आणि दारातूनच ओरडतो, "बाई, ह्याचा बाप कोण ते सांगा." मी भिंग लावते, कारागिरांचे ठसे बघते, बाप सांगते. मग तो माझीच कॉफी पिऊन तिलाच नावं ठेवतो.

परवा फोनवर तू म्हणालीस, बाळ येणार म्हणून गातियांनं तुझा बाप्तिस्म्याचा पेला पॉलिशला दिलाय. तो पेला मी आणला तेव्हा तुझी आई मला हसली होती. तळाशी पतंगाच्या आकाराच्या चौकटीत कारागिराचा ठसा, दोन अक्षरांच्या मध्ये एक गोगलगाय. पण ठोकताना बिचाऱ्याचा हात हलला असणार. गोगलगाय दोनदा उमटली, एकीच्या पाठीवर दुसरी. आई म्हणाली, "पोरीची धर्ममाता झालीस आणि चुकलेला माल आणलास?" मी म्हटलं, हरवला तर हजारांत ओळखीन. पुढे तुझे दात शिवशिवायला लागले आणि तू त्याचा काठ चावून चावून ठेवलास. पेल्याच्या पोटावर कोरलेल्या तुझ्या नावावरून बोट फिरवत झोपायचीस.

ईस्टरचं जेवण काही माझ्या मनातून जात नाही. कोकरू छान शिजलं होतं, पण माझं लक्ष चांदीच्या काट्यांवर. आपल्याकडे काटा पालथा मांडायचा, दाते खाली, म्हणजे पाठीवर कोरलेली घरची अक्षरं पाहुण्यांना दिसतात. टेबल गातियांनं स्वतः मांडलं होतं आणि झाडून सगळे काटे उताणे. मी चिडवलं, "जावईबापू, इंग्लंडात जेवायला बोलावलंत की काय?" तो हसला. मी एक काटा उलटून पाहिला. अक्षरं घासून काढलेली, अंगठ्याला खळगा लागत होता. ठसे मात्र शाबूत, कारण ठशांशिवाय चांदी नुसती वजनावर जाते. तो शांतपणे म्हणाला, "ब्लांदीनच्या माहेरची अक्षरं होती, मावशी. ओदीलला रोज माझ्या मेलेल्या बायकोचं नाव कशाला दाखवायचं?" तुझे डोळे भरून आले, तू त्याचा हात धरलास. मलाही वाटलं, दुःखानं माणूस हळवा होतो.

काल लझार आला. फडक्यातून एक पेला काढून माझ्यापुढे ठेवला. भिंगाची गरजच पडली नाही. एका गोगलगाईच्या पाठीवर दुसरी. काठावर तुझ्या दातांच्या खुणा. आणि नाव होतं तिथे खळगा. पॉलिशनं नाव जात नाही गं, ते मुद्दाम घासावं लागतं. कुणी विकला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सोम्यूरचा एक सभ्य माणूस, सोनेरी चष्मेवाला. मागं बायकोचा सूप वाढायचा डाव विकून गेला होता, असाच नाव घासलेला. बायको वारली म्हणून रडत होता बिचारा." कधीची गोष्ट, विचारलं. सप्टेंबरातली, द्राक्षं काढायच्या दिवसांतली, म्हणाला. ओदील, ब्लांदीन तळघराच्या जिन्यावरून पडून गेली ती त्यानंतरच्या नाताळच्या तोंडावर. डाव विकला तेव्हा ती जिवंत होती. मी लझारला विचारलं, आणि हा पेला विकताना? म्हणाला, "कमनशिबी माणूस आहे हो. याही वेळी रडतच होता, दुसरी बायकोही गेली म्हणून."

शाळा सुटायची वाट बघू नकोस. कपडे घ्यायला, मांजराला दूध घालायला, कशालाही घरी जाऊ नकोस. मिळेल त्या गाडीनं थेट माझ्याकडे निघून ये. पोलिसांकडे आपण दोघी मिळून जाऊ. पेला मी ठेवून घेतलाय. नाव पुन्हा कोरून घेता येईल, आधी तू ये.

तुझीच, दाराशी खुर्ची टाकून बसलेली,
ऑर्तांस मावशी