शिजलेलं अंडं

मातुपित, रबाउल
१२ जून २०१९

धाकटे ओदिल्या,

तिकडे किंबे गावात तुम्ही सगळे खुशाल असाल. मीही बरी आहे. गुडघे तेवढे माझं ऐकत नाहीत. पंचवीस वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या भुवया चढल्या असतील. चढू देत.

परवा गावच्या सभेला ज्वालामुखी खात्याची एक बाई आली होती. "ज्वालामुखी सक्रिय आहे," एवढंच सांगून नकाशा गुंडाळायला लागली. माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं मुलांकडून व्याख्या घोटून घेतल्या आहेत मी. म्हटलं, बसा, आणि सक्रिय म्हणजे काय ते नीट सांगा. तुम्ही गुंडाळताय त्या नकाशावर आम्ही राहतो.

बिचारी बसली. म्हणाली, डोंगर फुटला तरच सक्रिय, असं नव्हे. हादरे, वायू, वाफ, खालून तापणारी माती, सगळी त्याचीच हालचाल. मागून आपला मावसभाऊ लेओ म्हणाला, "म्हणजे पक्षी मातीत अंडी पुरून जातात, ती उबतात तेपण?"

"तेपण."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी डोंगर फुटायच्या आदल्या दिवशी तू मातीतून काढलेलं अंडं फोडलंस, ते शिजलेलं निघालं. तू म्हणालीस, "ताई, माती एवढी तापलीय, निघू या." आणि मी, सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, आईसमोर म्हणाले, "अडाण्यासारखं बोलू नकोस. धोक्याची सूचना आलेली नाही."

तू पोरांना घेऊन गेलीस. आईला मी थांबवून घेतलं. सकाळी तिला पाठीवर घेऊन राखेतून निघाले, तोवर राख तिच्या छातीत गेली होती. पुढच्या ईस्टरला ती गेली. तू तिला टाकून पळालीस, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही.

तू बरोबर होतीस.

पक्षी परत आलेत. लेओ आधी हाताने मातीची ऊब बघतो, मगच खणतो. अंडं शिजलेलं निघालं तर सूचनेची वाट न बघता गावाने निघायचं, असं त्या सभेत ठरलं. नियम मी लिहिला, त्याला नाव तुझं दिलं. खात्याच्या बाईने तो उतरून नेला.

आईची जमीन मुलींकडूनच पुढे जाते आणि मला मूल नाही. तुझ्या लेकीला, वेरोनिकाला घेऊन ये. हद्दीवरची झाडं तिला दाखवायची आहेत, माझे गुडघे आहेत तोवर.

बोटीने सहा अंडी पाठवतेय. एक फोडून बघ. कच्चं आहे.

तुझं न ऐकलेली,
बेनेदिक्ता ताई