अस्करीसाठी ओमेनाची बिस्किटं

१ डिसेंबर, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंत शाळेत गेले ती काय माशा मारायला?

ओमोलोचा नैरोबीहून फोन. माझा थोरला. म्हणे, "आई, आता पुरे झालं. बाबा गेले. तुझे गुडघे धड नाहीत. त्या मोठ्या घरात एकटी पडलेली असतेस आणि कुत्रासुद्धा धाकट्या आईच्या दारात झोपतो. ख्रिसमसला येतोय, सामान बांधून ठेव." मी म्हटलं, कुत्रा माझ्याच दारात असतो. म्हणाला, "अपोंडीने सुट्टीत बघितलंय." नात कसली, पोलीस आहे.

भांडून भांडून ठरलं ते असं: तो येईल तेव्हा कुत्रा माझ्या दारात बसलेला दिसला आणि परक्या माणसावर भुंकला, तर मी राहायचं. नाहीतर मुकाट गाडीत बसायचं.

मी गेले की मोठं घर बंद. मग या अंगणाची मोठी बाई कोण? माझी सवत. हे घर मी माझ्या हाताने माती कालवून लिंपलंय. ती आली तेव्हा वर पत्रे चढले होते, बाईसाहेब आयत्या सावलीत येऊन बसल्या.

ठरलं. कुत्रा परत आणायचा. नवरा परत आणणं जमलं नव्हतं, पण तो कुत्र्याइतका हुशार नव्हता.

१ डिसेंबर, संध्याकाळ

कुत्र्याचं नाव अस्करी. म्हणजे पहारेकरी. म्हाताऱ्याने ठेवलं. नावं ठेवण्यात म्हातारा पटाईत होता, पुढचं काम दुसऱ्याने करायचं.

म्हातारा होता तोवर अस्करी त्याच्या खुर्चीखाली. म्हाताऱ्याला अंगणात पुरलं तसा कुत्रा उठला आणि थेट सवतीच्या दारात. कारण उघड आहे. ती त्याला माशाची तळलेली डोकी घालते. म्हाताऱ्यालाही तेच घालायची. म्हातारा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, तेल फार झालं. मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

अपोंडीला फोन केला. तिने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. शहरातल्या बायका कुत्र्यासाठी घरी खाऊ करतात, हेल्दी. भोपळा, रताळं, मासळी, पीठ. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही. बघितल्याबरोबर कळलं, हे मला येतं. कुत्र्याच्या तब्येतीची काळजी असलेली बाई या अंगणात एकच आहे. त्याला ते समजेलच.

३ डिसेंबर

लाल भोपळा, ज्वारीचं पीठ, एक अंडं. चवीला कांदा. अपोंडीला फोटो पाठवला तर केवढ्याने ओरडली. "दानी, कांदा विष आहे कुत्र्याला! टाकून दे सगळं!" मी म्हटलं, दानी म्हणतेस ना, मग आजीला शिकवू नकोस, आमच्या कुत्र्यांनी जन्मभर रश्श्यातलं खाल्लंय. म्हणे, "आणि जगले किती?" आगाऊ कार्टी. पण टाकून दिलं. माझ्या हातचं खाऊन कुत्रा मेला तर सवत गावभर काय काय सांगेल.

पुन्हा मळलं, कांद्याशिवाय. व्हिडिओतल्या बाईकडे ओव्हन आहे. माझ्याकडे पातेलं आहे. खाली वाळू, वर झाकणावर निखारे. वास छान सुटला.

बिस्किटं जरा कडक झाली. अस्करीने एक तोंडात धरलं, म्हाताऱ्याच्या कबरीमागे नेलं आणि माती उकरून पुरलं. मौल्यवान वस्तू जनावरसुद्धा जपून ठेवतं. मीही एक चावून बघितलं. दात पडला, पण तो आधीपासून हलतच होता.

५ डिसेंबर

आज रताळं जास्त घातलं. मऊ झाली. फारच मऊ. चमच्याने वाढावी लागली. अस्करीने ताट चाटून लख्ख केलं आणि निघून गेला सवतीच्या दारात. म्हणजे जेवण इथे, झोप तिथे. हीसुद्धा म्हाताऱ्याचीच सवय.

ती अंगणाच्या त्या टोकावरून ओरडली, "न्यार-असेम्बो, कुत्र्याला काय बाळंतिणीची पेज घालतेस का गं?" मी असेम्बोची, म्हणून न्यार-असेम्बो. ती न्यार-गेम. आमच्याकडे बाईची हाडं वाळली तरी माहेरचं गाव नावाला चिकटून राहतं. मी म्हटलं, "न्यार-गेम, तुझ्या तेलाने त्याचं पोट जमिनीला लागलंय, ते आधी वर कर."

मला राग आलेला नाही. मी या वयात रागवत नाही. फक्त तिच्या कोंबडीला दगड मारला.

७ डिसेंबर

जमलं!

ओमेना. किती दिवस डोळ्यासमोर होती. तळ्यावरून आणलेली ही बोटाएवढी मासळी मी जन्मभर जाळ्यावर वाळवली, आणि बिस्किटात घालायचं सुचलं आज. चांगली कडकडीत वाळवली, कुटली, ज्वारीच्या पिठात आणि उकडलेल्या रताळ्यात मिसळली. निखारे कमी ठेवले. वास असा की चर्चच्या रस्त्यापर्यंत गेला असणार.

झाकण काढलं आणि अस्करी हजर. धावत! हा कुत्रा धावलेला मी म्हाताऱ्याला पुरल्यानंतर पहिल्यांदा बघितला. खाल्लं, माझ्या दारात बसला, दिवसभर बसला. रात्रीही इथेच.

सवतीचं तोंड बघण्यासारखं होतं. "कुत्र्याला बरं नाहीये का आज? तुझ्याकडे कसा?" मी अस्करीपुढे आणखी एक बिस्किट ठेवलं. मोठ्या बाईने प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

१० डिसेंबर

अस्करी आता माझाच. रोज इथे. नैरोबीचं सामान बांधायला आणलेली दोरी कपडे वाळत घालायला बांधली.

पास्टरची बायको आली. चहा, उकडलेलं रताळं दिलं. निघाली तेव्हा तिच्या हातावर कुत्र्याचं बिस्किट ठेवलं, म्हटलं, जाताना अस्करीला दे. अस्करीने तिच्या हातातून घेतलं, तिचा हात चाटला. ती म्हणे, "अगं, केवढा गुणी!" सबंध चर्चमध्ये सांगणार ती. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही.

त्यावरून मोठा विचार सुचला. आमच्याकडे आलेला माणूस काही खाल्ल्याशिवाय जात नाही, ही या अंगणाची रीत. मग कुत्र्याने काय पाप केलंय? फाटकाच्या खांबाला डबा टांगला, बिस्किटांनी भरून. येणाऱ्याने एक घ्यायचं, अस्करीला द्यायचं, मग आत यायचं. गावाला कळेल बिस्किटं कोणाच्या हातची. सवतीलाही रोज कळेल, येताजाता.

१३ डिसेंबर

डबा रोज रिकामा! लोक मुद्दाम वाट वाकडी करून येतात. चर्चच्या गाण्याच्या बायका आल्या. रॉकेल विकणारा आला. भाडी मारणारा बोडा-बोडावाला ओकेलो, मोटरसायकल बंद न करताच एक फेकून गेला. कोणी एक टोपीवाला आला, त्याला मी ओळखतसुद्धा नाही, त्याने दोन दिली. गावात अजून सज्जन माणसं आहेत.

अस्करी अगदी बदलून गेलाय. फाटकापाशीच बसतो, माणूस दिसला की उठतो, शेपूट हलवतो, पिशवी हुंगतो. शिकलेल्या घरचा वाटतो.

ओमोलोने फोनवर विचारलं, "भुंकतो का?" मी म्हटलं, गरज पडली की भुंकेल. चांगलं खाणारी जनावरं उगाच तोंड वाजवत नाहीत. तो म्हणे, "तू तर चांगलं खातेस." फोन ठेवला.

१७ डिसेंबर

माझा लाल कोंबडा गेला. ओमोलोसाठी राखलेला. खुराड्याचं दार उघडं, दोन पिसं, आणि खाली बिस्किटाचा चुरा.

मुंगूस. दुसरं काही नाही. बिस्किटाच्या वासाने आलं असणार. यावरून बिस्किटं किती चांगली होतात ते दिसतं.

अस्करी खुराड्यासमोर झोपलेला होता. पोट टम्म. मुंगसाने बहुतेक त्याला घाबरवलं.

ओकेलो येऊन सांगतो, "दानी, एक टोपीवाला बाजारात लाल कोंबडा विकत होता. खिशातून कसली तरी बिस्किटं काढून खात होता." मी म्हटलं, ते मुंगूस होतं. म्हणे, "मग मुंगूस मटाटूच्या गाडीत बसून गेलं. खिडकीपाशी जागा मिळाली त्याला." या पोराला चहा बंद.

सवतीची एकही कोंबडी गेली नाही. तिच्याकडे दाराशी कुदळ असते, म्हणून मुंगूस गेलं नसेल.

१८ डिसेंबर

डबा काढला. मुंगसामुळे.

आता फक्त भुंकणं तेवढं राहिलं. उद्यापासून शिकवायचं. मी ओमोलोला बोलायला शिकवलं, कुत्र्याला भुंकायला शिकवणं काय अवघड.

२० डिसेंबर

पद्धत अशी. बिस्किट हातात धरायचं. फाटकाकडे बोट दाखवायचं. आणि स्वतः भुंकून दाखवायचं. अस्करी मन लावून बघतो. मान तिरकी करतो.

बरोबर त्याच वेळी गाण्याच्या बायका रस्त्याने निघाल्या होत्या. मी भुंकतच होते, मध्येच थांबले तर शिकवणी फुकट. त्या तिथेच उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, "म्हातारी गेली कामातून." दुसरी म्हणे, "नवरा गेल्याचं दुःख गं." दुःख! मी पुन्हा भुंकले, त्यांच्याकडे बघून.

सवत दारात उभी राहून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "न्यार-असेम्बो, जरा आवाज घशातून काढ. पोटातून येतोय." तिला काय कळतं. पण घशातून बरा येतो.

२२ डिसेंबर

प्रगती आहे. मी भुंकले की अस्करी बसतो आणि बिस्किटाची वाट बघतो. म्हणजे आवाज आणि बिस्किट यांचा संबंध त्याला समजला. निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तो ऐन वेळी करेल.

सवतीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू खरंच जाणार का गं नैरोबीला?" मी म्हटलं, तुला बरंच ना, मोठी बाई होशील. ती म्हणे, "होईन की. आणि मग भांडू कोणाशी? भिंतीशी?" आणि गेली भाजी निवडायला. काहीतरी डाव असणार.

२४ डिसेंबर, दुपार

जेवण राहू दे, आधी हे लिहिते.

सकाळपासून अस्करी माझ्या दारात. अगदी ठरल्याप्रमाणे. मी चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली ढवळत होते. बाहेर बघते तर काय, डोक्यावर हेल्मेट घातलेला एक आडदांड बाप्या माझ्या खुराड्यापाशी वाकलेला. आणि अस्करी? त्याच्या पायाशी उताणा, चारी पाय वर, हा बाप्या त्याचं पोट खाजवतोय.

मी उगालीचा दांडा घेऊन सुटले. काय काय बोलले ते लिहिता येत नाही, वहीसुद्धा चर्चकडून मिळालेली आहे. त्याच्या आईचा, बापाचा, आजोळचा उद्धार केला. पाठीत दोन, हेल्मेटवर एक. तो पळाला तो अंगणाच्या त्या बाजूला. तिथे न्यार-गेम कुदळ उगारून उभी. "मुंगूस का रे तू? थांब, तुझं शेपूट काढते!" तो परत माझ्याकडे. मी परत त्याला तिच्याकडे. रस्त्यावर माणसं जमली.

मग हेल्मेट निघालं. ओमोलो. गाडी बाजाराजवळ चिखलात अडकली म्हणून सून आणि अपोंडीला तिथेच ठेवून ओकेलोच्या मोटरसायकलवर आला होता. ओकेलो फाटकाबाहेर लोळत होता, हसून.

म्हणजे आईचा उद्धार मी माझाच केला.

२४ डिसेंबर, संध्याकाळ

ओमोलोच्या पाठीला ओला फडका लावला.  बोलायचं त्यालाच होतं.

म्हणाला, "कुत्रा दारात होता, हे खरं." मी मान हलवली. "पण भुंकला नाही." मी म्हटलं, आपल्या रक्ताचा माणूस त्याने वासाने ओळखला. म्हणाला, "आई, त्याने ओकेलोला ओळखलं, रस्त्यावरच्या माणसांना ओळखलं. एकाने खिशात हात घातला तर त्याच्याबरोबर चालायला लागला."

मी दोरीकडे बघत होते. वाळत घातलेले कपडे काढून सामान बांधायचं, एवढंच उरलं होतं.

मग हसला. बापासारखा हसतो, आधी पोट हलतं. "दुपारी गाडी आणायला परत गेलो, तर बाजारात गाडी ढकलणाऱ्या लोकांनी तुमचा आवाज तिथून ऐकला होता. म्हणाले, त्या घरात जाऊ नकोस बाबा, दोन म्हाताऱ्या आहेत, चावतात. आई, मी कुत्रा कशाला बघत बसलो? या अंगणात दोन आहेत की. राहा तू."

मी जिंकले. शिकवणी वाया जात नाही.

सवतीने ओमोलोला जेवायला स्वतःचा कोंबडा कापला. जरा चिवट होता. तसं तिला सांगितलं.

२७ डिसेंबर

ओमोलो, सून, अपोंडी परत निघाले. अपोंडी म्हणे, "दानी, अस्करी आमच्याकडे राहू दे ना. इथे तो उपाशी नाही मरणार, पण कामाचाही नाही. आमच्याकडे फाटकाला वॉचमन आहे, याला नुसतं गोड राहायचंय." मी म्हटलं, त्याला विचार. तो आपला माझ्या पायाशी बसलेला. जाणार नाही हे मला ठाऊक होतं. एवढी बिस्किटं, एवढी माया.

गाडीचं दार उघडलं. अस्करी उठला, उडी मारून आत, मागच्या सीटवर, खिडकीपाशी. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. गाडी गेली. धूळ बसली.

मीच पाठवलं त्याला. शहरात त्याचं शिक्षण होईल.

न्यार-गेम फाटकापर्यंत आली होती. हातात माशाचं तळलेलं डोकं, पानात गुंडाळलेलं. उशीर झाला तिला. थोडा वेळ ते पान तसंच धरून उभी राहिली. मी म्हटलं, चल, चहा टाकलाय.

घरात खायला दुसरं काही नव्हतं. ओमेनाची बिस्किटं भरपूर उरली होती. तिने ती बुडवून खाल्ली, मीही खाल्ली. चहात बरी लागतात.

ती म्हणाली, मीठ कमी आहे. मी म्हटलं, उद्या घालीन.