घरचा वाफा

आबा, आज तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आता भांडून काय उपयोग, असं म्हणाल. पण दुसऱ्या कुणाशी भांडू? दुपारपासून एका जागी बूड टेकत नाही. शाळा सुटली, मुलं घरी गेली, मी मात्र वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालतेय, दोन ओळी लिहितेय, परत उठतेय. समोर आमची परसबाग आहे, मुलांनी केलेली. वांगी इतकी सुरेख लागलीत की जाणाऱ्यानं थांबून बघावं, आणि मला तिकडं बघवत नाही.

उद्या शुक्रवारी तपासणी आहे. शाळांच्या परसबागांची स्पर्धा असते. साहेब लोक येतात, वाफे बघतात, मुलांना प्रश्न विचारतात आणि मग मुलांच्याच पंगतीला बसून बागेतली भाजी जेवतात. दोन वर्षं आम्ही पालापाचोळा कुजवला, पोरांनी घरून डबड्यातनं शेण आणलं. भिंतीवर मी माझ्या हातानं रंगवलंय, ‘विषमुक्त भाजी, निरोगी शरीर’. आणि पंधरा दिवसांपूर्वी वांग्यात अळी शिरली. लिंबोळीचा अर्क मारला, राख टाकली, पोरांनी किडके शेंडे खुडून बादलीत बुडवले, पण अळी काही हटेना. रविवारी शाळेत कुणी नसताना मी दादाचा पाठीवरचा पंप मागून आणला आणि औषध मारलं. बाटलीवरचं माप वाचलंसुद्धा नाही. हात आपोआप दीड टोपण ओतून मोकळा झाला, कारण तुम्ही दीडच ओतायचात. “एकानं काय हुतंय? कंपनीवाले घाबरट अस्त्यात.” पंप रिकामा झाल्यावर बाटलीमागची बारीक अक्षरं दिसली. मारल्यावर सात दिवस तोडणी करू नये. उद्या पाचवा दिवस आहे.

कवठ्याचं आपलं रान आठवतं ना? विहिरीजवळच्या चार सऱ्या घरच्या, बाकी सगळा टोमॅटो बाजाराचा. घरच्या सऱ्यांना तुम्ही कधी औषध लागू दिलं नाही. गावात सगळ्यांचंच तसं होतं, कुणी ते बोलून दाखवत नव्हतं आणि कुणी लपवतही नव्हतं. मी तिसरीत असेन. तुम्ही पंप उतरवून विहिरीवर हात धुताय, मी बाजाराच्या सरीतला एक लालभडक टोमॅटो तोडून चावतेय, आणि तुम्ही धावत येऊन माझ्या थोबाडीत देता. घशात बोटं घालून सगळं ओकायला लावता. “त्ये बाजाराचं हाय! घरचं तिकडं हाय, दिसत न्हाई व्हय तुला?” आयुष्यात तेवढा एकदाच हात उचललात. रडता रडता मी विचारलं होतं, “मग बाजारातनं नेणाऱ्यांची पोरं काय खात्यात?” तुम्ही पंप उचललात आणि निघून गेलात. माराचा राग मी कधीच धरला नाही, आबा. तुम्ही गप्प राहिलात त्याचा धरला, आणि तो अजून गेलेला नाही.

मंगळवारी मला एक तोडगा सुचला होता. दौंडच्या बाजारातनं पाच किलो वांगी आणायची, स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हवाली करायची. ताटात पडल्यावर वांगं कुठल्या बागेतलं, हे कोण ओळखतंय? काल बाजारात गेले, ढिगात हात घातला आणि गपकन मागं घेतला. ही कुणाच्या सरीतली? कुणाच्या आबांनी यांच्यावर शेवटचा पंप कधी मारला? भाजीवाली म्हणते, “घ्या की ताई, एक बी किडकं न्हाई.” तेच तर ना, बाई! आठ वर्षं झाली मी दौंडात राहते. तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टवर जातात. दोन खोल्या, दारात तुळशीपुरती माती. तुमची नात सहा वर्षांची आहे आणि जन्मापासून बाजाराचंच खातेय. बाजारातनं नेणाऱ्यांची पोरं म्हणजे आता आपलीच पोर, आबा.

रिकामी पिशवी घेऊन घरी आले. आज मधल्या सुट्टीनंतर मुलांना बागेभोवती बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं. मी औषध मारलंय, उद्या यातलं काही तोडायचं नाही, साहेबांनाही मीच सांगणार आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला वाटलं, पोरं तोंडावर हात ठेवतील, एखादी रडेल. कसलं काय! एक जण मलाच धीर द्यायला लागला, “आमचं आप्पा बी मारत्यात, बाई. अळी काय आसंच ऐकती व्हय?” आणि पाचवीतली एक पोरगी, सगळ्यात जास्त शेंडे खुडणारी, उठून म्हणाली, “मग उद्या आम्ही घरनं आणतो वांगी. पर बाई, सायबांस्नी घरच्यातलं घालायचं का बाजाराचं?” तिनं ते थट्टेनं विचारलं नव्हतं. पंगतीला ताटं किती मांडायची, इतक्या सरळपणे विचारलं. “घरच्यातलं आणा,” मी म्हणाले, “सगळ्यांना तेच वाढायचं.” त्यांच्या रानातलं बाकीचं, बाजाराचं, उद्या टेम्पोत भरून जाईल, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही. उद्या साहेबांसमोर तोंड उघडेल का नाही, देव जाणे. स्पर्धेतनं काढलं तर काढू देत, नोटीस दिली तर देऊ देत, पण पोरांच्या देखत वाचा बसली तर त्याच शाळेत परत कुठल्या तोंडानं शिकवू? हे पत्र कुठं टाकायचं तेही कळत नाही. कवठ्याच्या पत्त्यावर दादा राहतो. त्याच्या हाती पडलं तर फोन करून म्हणेल, “येड लागलंय का तुला?” राहू दे माझ्याचजवळ.

एक गोष्ट मात्र पोरांना सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. वर्गात परतताना त्याच पोरीनं विचारलं, “बाई, कोपऱ्यातली मेथी कुणी कापली?” मी म्हणाले, किडली होती, टाकून दिली. धडधडीत खोटं बोलले. रविवारी पंप पाठीवर घेऊन सगळ्या वाफ्यांवरनं फिरले आणि त्या मेथीपाशी हात आपसूक थांबला. तिला मी एक थेंब लागू दिला नाही. सोमवारी शाळा भरायच्या आत ती कापली, पिशवीत भरली, वरून वह्या ठेवल्या आणि संध्याकाळी घरी नेली. तुमच्या नातीनं त्या मेथीशी अख्खी भाकरी खाल्ली. मी समोर बसून बघत होते, आणि आबा, मला फार बरं वाटलं.