मेथीच्या अरण्यातली नदी

२ जानेवारी २००२
पर्णिकाला हिस्ट्रीचं प्रोजेक्ट आलंय. घनदाट अरण्यातली, नकाशात नसलेली नदी आणि तिच्यातून गेलेली जुनी मोहीम. एकोणीस गेले, सात परत आले. आम्ही दोघी मिळून मॉडेल करणार. करता करता गप्पा होतील. मी फक्त कात्री देणार. नववीला इथून, आखातातून, पुण्यात वन्संकडे पाठवायचं अजून नक्की नाही. चंद्रहासने नुसते फॉर्म मागवलेत.

५ जानेवारी
थर्माकोल मीच कापला. नदीला वळणंही दिली. पर्णिका म्हणाली, "मम्मा, इट्स ओन्ली टेन मार्क्स." लाजते. आतून उत्साह आहे.

८ जानेवारी
अरण्यासाठी मेथीच्या चार जुड्या. नदीत खरं पाणी सोडलं, त्यात माणसं बसवलेली छोटी बोट. पर्णिकाने अर्धा मिनिट पाहिलं. "नाइस." जवळ येतोय आम्ही. पुण्याची अॅडमिशन झाली म्हणे. अॅडमिशन कॅन्सलही होते.

९ जानेवारी, सकाळ
खालची बिलकीस आली. "बाजी, आपका दरिया हमारे सोफे पर आ गया." दोघी हसलो. मी जास्त. बोटीतली दोन माणसं सापडत नाहीत. मूळ मोहिमेतही असंच झालं होतं.

१२ जानेवारी
अरण्याने मान टाकली. ज्याला फेविकॉल नव्हता, ते चंद्रहासच्या डब्यात दिलं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नवीन मेथी आणली.

१५ जानेवारी
मॉडेल मांडीवर घेऊन टॅक्सीने अल कुसैसच्या घरापासून ऊद मेथाच्या शाळेपर्यंत. टीचरचा शेरा: पालकांचं काम, विद्यार्थिनीने स्वतः करावं. पर्णिकाने वीस मिनिटांत चार्ट काढला. तिची नदी कागदावर मध्येच थांबते. पुढचं त्यांना माहीत नव्हतं, असं खाली लिहिलंय. मला विचारलं, "मम्मा, वर दे स्केअर्ड?" मी म्हटलं, छे, मोहिमेवर जाणारे घाबरत नसतात. तिने स्केचपेनांची टोपणं लावली. छान बोलणं झालं.

२८ फेब्रुवारी
तिकीट आलं. एकट्या मुलांना एअरलाइनची बाई सांभाळून नेते. म्हणजे तसं एकटं नाहीच.

२९ मार्च
एअरपोर्टवरून आलो. रडायचं नाही ठरवलं होतं, रडले नाही. पार्किंगमधलं मोजत नाही. आत जाताना पर्णिकाने माझं बोट धरलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "मम्मा, ते घाबरले असणार." मी म्हटलं, यल्ला, चल चल, उशीर होतोय.

३० मार्च
सांगून टाकायचं ठरवलं. हो, सगळे घाबरले होते. मोठेसुद्धा. फोन केला. वन्सं म्हणाल्या, "खाली सायकल खेळतेय गं. हाक मारू का?"
म्हटलं, नको. सहजच केला होता.